फिरत्या नाटक मंडळ्या का मोडल्या?

गंधर्व नाटक मंडळीची स्थापना ५ जुलै १९१३ रोजी झाली आणि १९३४ साली तिने आपले बिऱ्हाड मोडले. एखादे मूल जन्मास यावे, शाळा संपवावी आणि चार पैसे मिळवू लागावे, एवढाच हा काळ. परंतु या एकवीस वर्षांत त्या मंडळीने महाराष्ट्राच्या कानांस जी गोडी लावली ती अद्याप ओसरलेली नाही. बालगंधर्वांना रंगभूमीवर पाहण्याचा योग ज्यांच्या आजोबांनाही आला नसेल, अशी आजची मुले त्यांची पदे शिकतात. २०११ साली त्यांच्या चरित्रावर बोलपट निघाला, तोही लोकांनी आवडीने पाहिला. मग इतकी लोकप्रिय मंडळी मोडली कशाने?

या प्रश्नाचे ठराविक उत्तर असे की, बोलपट आला आणि नाटक बुडाले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. वादळात गावातील एक घर पडते आणि शेजारचे उभे राहते, तेव्हा केवळ वाऱ्यास दोष देऊन भागत नाही. पडलेल्या घराचे वासे आधीपासून कसे होते हेही पाहावे लागते. आज आपण त्या वाशांकडे पाहू.

आजच्या श्रोत्यांना ‘नाटक मंडळी’ या शब्दाचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. आज नट दिवसा आपापल्या घरी असतात, प्रयोगाच्या वेळी नाट्यगृहात जमतात आणि पडदा पडला की पांगतात. त्या काळची मंडळी हे एक एकत्र कुटुंब होते, आणि तेही फिरते. नट, गवई, तबलजी, सारंगिये, पडदेवाले, कपडेपटवाले, आचारी, पाणके, हिशेबनीस आणि नाट्यविद्या शिकण्यास आलेली लहान मुले अशी सारी माणसे एका छपराखाली राहत, एका पंगतीस जेवत आणि एका गाडीने पुढच्या गावी जात. ही सारी हालचाल आगगाडीमुळे शक्य झाली. आपल्या नागपुरास १८६७ साली मुंबईकडील लोहमार्ग येऊन मिळाला. पडद्यांच्या वळकट्या, पोशाखांच्या पेट्या आणि शेकडा माणसे घेऊन वऱ्हाड-नागपुरापर्यंत मुक्काम करीत येणे त्यानंतरच मंडळ्यांच्या आवाक्यात आले. पुढे पुणे, मुंबई, बडोदे, इंदूर, हुबळी, अमरावती, नागपूर अशी त्यांची वाटच पडून गेली.

या कुटुंबाचे गणित मोठे कठीण होते. खेळ आठवड्यातून दोन किंवा तीन रात्री, पण चूल मात्र सातही दिवस पेटलेली. पाऊस पडला, गावात पटकी आली किंवा मुख्य नटाचा आवाज बसला, तरी शंभर पानांची पंगत चुकत नसे. या गावची उधारी पुढच्या गावच्या उत्पन्नातून फेडावयाची, असा सारा व्यवहार चाले. म्हणून मंडळी चालण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागत. पहिली, ज्यासाठी लोक तिकीट काढतील असा गळा किंवा अभिनय. दुसरी, नवे नाटक आणि नव्या चाली देणारी माणसे, कारण तेच ते खेळ घेऊन त्याच गावी पुनःपुन्हा जाता येत नाही. आणि तिसरी, हिशेब ठेवणारा आणि वेळ आली की मालकासही ‘हा खर्च नको’ असे सांगू शकणारा मनुष्य. गंधर्व मंडळीच्या इतिहासात या तिहींचे काय झाले ते आता क्रमाने पाहू.

ही मंडळी आकाशातून उतरली नव्हती. तिचे माहेर किर्लोस्कर नाटक मंडळी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली ‘सौभद्र’ दिले. १८८५ साली अण्णासाहेब वारले. संस्थापक गेला म्हणजे संस्था बसते असा अनुभव आहे. परंतु येथे तसे झाले नाही. अण्णासाहेबांनी भाऊराव कोल्हटकरांसारखा गायक नट जोडून ठेवला होता, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले गोविंद बल्लाळ देवल पुढे ‘शारदा’सारखे नाटक देण्यास समर्थ होते. भाऊराव १९०१ साली गेले, तेव्हाही मंडळी डगमगली, पण पडली नाही. १९०५ साली तिला नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मिळाला. लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ ही पदवी ज्याला लहानपणीच दिली होती तोच हा मुलगा.

मंडळीचे चालक नानासाहेब जोगळेकर होते. त्यांच्या अमदानीत, १२ मार्च १९११ रोजी, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ मुंबईस प्रथम झाले. धैर्यधर स्वतः जोगळेकर, भामिनी बालगंधर्व, लक्ष्मीधर गणपतराव बोडस आणि पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली होती, आणि तरीही त्यांनी प्रयोग बंद पडू दिला नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिचा उल्लेख त्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. एका मनुष्याच्या उभे राहण्यावर शेकडा माणसांची भाकरी अवलंबून होती. तो मनुष्य दुःख करावयासही मोकळा नव्हता.

त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर निवर्तले. सर्वांना एकत्र बांधणारा हात गेला आणि कारभाराविषयी कुरबूर सुरू झाली. मोठे नट आणि व्यवस्थापक यांचे पटेना. अखेरीस १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस असे तिघे जण बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी केली.

या भागीदारीकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. बालगंधर्वांपाशी गळा आणि रूप होते. टेंबे हे श्रेष्ठ पेटीवादक. नव्या चाली बसविण्याची आणि संगीताचे वळण ठरविण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. बोडस हे पहिल्या प्रतीचे गद्य नट. तालमीत चोख आणि शिस्तीचे मोठे भोक्ते. म्हणजे मघाशी ज्या तीन गोष्टी सांगितल्या त्या या तीन माणसांत जवळजवळ वाटून आल्या होत्या. कोणताही निर्णय एकट्याने करावयाचा नाही, असे त्या रचनेतच होते. असा योग संस्थेच्या नशिबी क्वचित येतो.

त्याचे फळही लवकर दिसले. १९१६ साली देवलांचे ‘संशयकल्लोळ’ गंधर्व मंडळीने संगीत स्वरूपात आणले. त्यात बोडसांचा फाल्गुनराव पाहून लोक पोट धरून हसत. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या. मैफलीत दोन-तीनशे जाणत्यांपुढे गायिला जाणारा राग बुवांनी रुक्मिणीच्या मुखी घातला, आणि ज्यांनी जन्मात मैफल ऐकली नव्हती असे कारकून, दुकानदार, शाळामास्तर यमन-भीमपलास गुणगुणू लागले. पुढे अहमदजान थिरकवांसारखा तबलिया आणि कादरबक्षांसारखा सारंगिया या मंडळीत नोकरीस होते, एवढे सांगितले म्हणजे साथीचा दर्जा ध्यानात येईल. लोक एकेक पद पुनःपुन्हा मागत, आणि खेळ उत्तररात्रीपर्यंत चाले.

यानंतरच्या नाटकाचा संबंध आपल्या नागपूर जिल्ह्याशी आहे. राम गणेश गडकरी आजारी होऊन हवापालटासाठी सावनेरास आपल्या भावाकडे आले होते. सावनेर म्हणजे येथून छिंदवाड्याच्या वाटेवरील गाव, चाळीस किलोमीटरच्या आत. तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यानंतर अवघ्या चार आठवड्यांनी, २० फेब्रुवारीस, बडोद्यास गंधर्व मंडळीने त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. पदे लिहिण्यास गडकरी राहिले नव्हते. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी करून दिली. बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू झाले. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेल्या या नटाने फाटके-जोड दिलेले लुगडे नेसून दळण दळले, आणि प्रेक्षागृहातील बायामाणसांनी डोळ्यांस पदर लावला. मंडळीचा हा कळस म्हणावयास हरकत नाही.

पण कळस चढत असतानाच पाया हलू लागला होता. भागीदारी होऊन फार वर्षे झाली नाहीत तोच टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. ‘एकच प्याला’नंतर बोडसही निघून गेले. १९२२ साली भास्करबुवा वारले. अर्थात त्यांच्या जागी माणसे आली. बुवांचेच शिष्य मास्टर कृष्णराव यांनी संगीताची बाजू समर्थपणे सांभाळली, खाडिलकरांसारखे नाटककार होतेच. तरीही एक फरक पडला, आणि तो महत्त्वाचा आहे. टेंबे आणि बोडस भागीदार होते. नंतर आलेले पगारदार किंवा भक्त होते. भागीदार ‘नको’ म्हणू शकतो. पगारदारास ते जड जाते आणि भक्तास ते सुचत नाही.

१९२० साली ‘द्रौपदी’ रंगभूमीवर आले. त्यातील मयसभेचा देखावा, पोशाख आणि सामान यांवर मंडळीने अतोनात खर्च केला. बालगंधर्वांची वृत्तीच राजस होती. शालू खरा हवा, अत्तर खरे हवे, पंगतीस पक्वान्न हवे, आणि पाहुणा उपाशी जाता कामा नये. प्रेक्षकांना ते मायबाप म्हणत, आणि मायबापांपुढे खोटे काही ठेवावयाचे नाही ही त्यांची श्रद्धा होती. या श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. लोक गंधर्वांच्या खेळास जात ते याच वैभवासाठीही जात. परंतु तिकिटाच्या उत्पन्नास मर्यादा होती आणि वैभवास नव्हती. १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जात रुतली.

त्याच वर्षीची एक घटना या मंडळीच्या कीर्तीची खूण म्हणून सांगितली जाते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर आले, आणि तिकिटांचे दर ऐकून लोक थक्क झाले तरी प्रेक्षागृह ओसंडून गेले. त्या रात्रीचे उत्पन्न देशकार्यास गेले. ज्या मंडळीच्या डोक्यावर स्वतःचे कर्ज होते तिच्या मालकाने दुसऱ्याच्या झोळीसाठी गावे, यात बालगंधर्वांचा स्वभाव संपूर्ण दिसतो; त्याचा मोठेपणा दिसतो आणि त्याचा धोकाही दिसतो.

पुढे त्यांनी वर्षानुवर्षे खेळ करून ते कर्ज वारले, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु कर्ज फिटले तरी ज्या रीतीने ते झाले होते ती रीत बदलली नाही. १९३१ साली ‘कान्होपात्रा’ आले, तेही लोकांस आवडले. पण मंडळी आता एका गळ्यावर उभी होती, आणि त्या गळ्याचे वय त्रेचाळीस झाले होते. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटास ही गोष्ट किती जाचक असते ते सांगावयास नको. शिवाय काळही पालटत होता. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या, आणि १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी, नाटक तीन तासांत संपावे आणि पदे मोजकी असावी, असे शिकलेल्या तरुणांना वाटू लागले होते.

अशा वेळी वारा सुटला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलमआरा’ झळकला, आणि पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. मघाशी चुलीचे जे गणित सांगितले ते आता आठवावे. बोलपटाचा डबा आगगाडीने एका माणसाबरोबर गावी येतो. त्याला पंगत लागत नाही, त्याचा आवाज बसत नाही, तो दिवसातून तीन वेळा गातो आणि तिकीट चार आण्यांचे असले तरी त्याला परवडते. नाटकगृहांच्या मालकांना हे गणित लवकर कळले, आणि गावोगावची नाटकगृहे एकामागून एक चित्रपटगृहे झाली. मंडळीला उतरावयास जागाच उरली नाही. आणखी एक योगायोग पाहा. ‘अयोध्येचा राजा’त राजा हरिश्चंद्राचे काम कोणी केले? गोविंदराव टेंब्यांनीच, आणि त्याचे संगीतही त्यांचेच. गंधर्व मंडळीतून सर्वांच्या आधी बाहेर पडलेला भागीदार नव्या युगाच्या दाराशी सर्वांच्या आधी पोहोचला होता.

१९३४ साली गंधर्व मंडळीने खेळ थांबविले आणि बालगंधर्व प्रभातमध्ये गेले. १९३५ साली ‘धर्मात्मा’ निघाला. त्यात त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. परंतु कॅमेऱ्यापुढे तुकड्या-तुकड्यांनी काम करणे आणि समोर मायबाप नसताना गाणे त्यांस मानवले नाही, आणि प्रभातशी असलेला त्यांचा संबंध त्या एका चित्रानंतर संपला. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. गोहरबाई कर्नाटकींच्या साहाय्याने त्यांनी पुढेही खेळ केले, पण जुना बहर परत आला नाही. आजारपणात आणि ओढाताणीत दिवस काढून १५ जुलै १९६७ रोजी ते पुण्यास वारले. सरकारने १९६४ साली त्यांना पद्मभूषण दिले होते; पुण्यातील रंगमंदिरास त्यांचे नाव लागले आणि ते १९६८ साली खुले झाले.

श्रोतेहो, येथपर्यंतची कथा एका मंडळीची झाली. माझे म्हणणे पटावयास हवे तर शेजारची घरेही पाहिली पाहिजेत. गंधर्व मंडळी बाहेर पडल्यावर पाच वर्षांनी, १९१८ साली, किर्लोस्कर मंडळीतूनच आणखी तिघे निघाले. अठरा वर्षांचेही पूर्ण न झालेले दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे. त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांनी सावनेरास अखेरच्या दिवसांत पुरे केलेले ‘भावबंधन’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचे ‘रणदुंदुभि’ हे १९२७ सालचे नाटक याच मंडळीचे, आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ही याच मंडळीचे. दीनानाथांची थोरली मुलगी लता १९२९ साली इंदुरास जन्मली. या मंडळीनेही अखेरीस सांगलीस चित्रपटाचा धंदा करून पाहिला. १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघाले, पण त्या धंद्याने मंडळीस तारले नाही, आणि तीही संपली. एप्रिल १९४२ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, दीनानाथ वारले आणि घराचा भार तेरा वर्षांचीही न झालेल्या लतेवर आला.

आता तिसरे घर पाहू. केशवराव भोसल्यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस ललितकलादर्श स्थापिली. संयुक्त मानापमानानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. ज्या गळ्यासाठी लोक येत तो गळाच गेला. ही मंडळी त्याच दिवशी मोडावयास हवी होती. परंतु बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली. केशवरावांची नक्कल करून आपण टिकणार नाही हे त्यांनी ओळखले. त्यांनी मामा वरेरकरांकडून ‘सत्तेचे गुलाम’सारखी चालू काळावरची नाटके घेतली, पु. श्री. काळ्यांकडून रंगमंचावर खऱ्यासारखी घरे उभी करून घेतली, आणि जे वैभव गळ्यात होते ते विषयात आणि देखाव्यात आणले. बापूराव १९३७ साली गेले तेव्हा मंडळी थांबली खरी. पण १९४२ साली त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली, आणि ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ यांसारखी नाटके त्यानंतरच्या काळात झाली. बोलपटाचा वारा याही घरावर आला होता. फरक एवढाच की, मुख्य गळ्यावाचून कसे जगावे हा धडा ही मंडळी बोलपट येण्यापूर्वी दहा वर्षे शिकून चुकली होती.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडतो असे नाही. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुणांचे वाद्यवृंद मोटारीतून गावोगाव हिंडत, एका खोलीत चौघे निजत आणि रात्री गात. त्यांतील सर्वांत नामांकित बीटल्स. त्यांचा व्यवहार पाहणारे ब्रायन एप्स्टीन ऑगस्ट १९६७ मध्ये वारले. त्यानंतर हिशेब कोणी पाहावा यावरून त्या चौघांत वाद माजला, आणि १९७० साली त्यांची फाटाफूट झाली. लेड झेपेलिन या दुसऱ्या वृंदाचा ढोलवादक १९८० च्या सप्टेंबरात मरण पावला, तेव्हा उरलेल्या तिघांनी डिसेंबरात सांगून टाकले की, आता पूर्वीसारखे होणे नाही, आम्ही थांबतो. नानासाहेब जोगळेकर गेल्यावर किर्लोस्करांत जे झाले त्याची ही भावंडेच नव्हेत काय? देश निराळा, वाद्ये निराळी, पण बांधणारा हात गेला की गाठ कशी सुटते ते सारखेच.

मग या साऱ्यातून हाती काय येते? संगीत नाटक बोलपटाने मारले असे आपण म्हणतो, परंतु संगीत नाटक मेले नाही. ज्या वर्षी बालगंधर्व वारले त्याच १९६७ साली, डिसेंबर महिन्यात, आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. त्यात खाँसाहेबांची भूमिका मूर्तिजापुरास जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी केली, आणि रागदारी ऐकण्यास लोकांनी पुन्हा रांगा लावल्या. मेले ते नाटक नव्हे. मोडले ते फिरते कुटुंब. आता नटास प्रयोगापुरती ‘नाइट’ मिळते, तो आपल्या घरी जेवतो, आणि सातही दिवस पेटलेली चूल कोणाच्या डोक्यावर नाही. हिशेबाच्या दृष्टीने ही रीत शहाणपणाची आहे.

परंतु या शहाणपणाची किंमतही आपण दिली आहे. त्या कुटुंबात दहा वर्षांचा मुलगा येई, पडद्याआडून रोज थोर गवयांचे गाणे ऐके, आचाऱ्याच्या हातचे जेवे, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी तयार होऊन रंगभूमीवर येई. दीनानाथ असेच तयार झाले. मंडळी मोडल्या तेव्हा ही शाळाच बंद झाली. आणि ज्यांची नावे कोणत्याही जाहिरातीत कधी छापली गेली नाहीत त्या पडदेवाल्यांचे, आचाऱ्यांचे, दुय्यम नटांचे काय झाले, हे विचारण्यास कोणी राहिले नाही. थोर नटास प्रभात बोलावू शकत होती. वळकट्या बांधणाऱ्यास कोण बोलावणार? मालकाने पंगतीस पक्वान्न वाढले होते. त्यापेक्षा त्या माणसांच्या नावे दरमहा थोडे बाजूला टाकले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते.

आज नागपुरात आणि विदर्भाच्या लहानमोठ्या गावांत हौशी नाट्यसंस्था आहेत, वाद्यवृंद आहेत, स्नेहसंमेलनांतून उभ्या राहिलेल्या तरुणांच्या टोळ्या आहेत. त्यांचा आरंभ बहुधा तिघा-चौघा मित्रांच्या प्रेमातूनच होतो, आणि प्रेम आहे तोवर कागद करणे त्यांस अपमानाचे वाटते. त्यांना एका शाळामास्तराचे सांगणे एवढेच की, पहिल्या प्रयोगाच्या आधी वही करा. कोणाचा भाग किती, खर्चास हुकूम कोणाचा, आणि कोणी निघून गेला तर काय, हे त्या वहीत लिहा. तुमच्यात जो सर्वांत गुणी असेल त्याच्या पुढ्यात, ‘हे परवडणार नाही’ असे म्हणणारा एक जण मुद्दाम बसवा, आणि तो कंटाळून निघू लागला तर त्याची समजूत घालण्यास त्या गुणी माणसालाच पाठवा. टेंबे आणि बोडस निघाले तेव्हा गंधर्व मंडळीचा एकही खेळ थांबला नव्हता, म्हणून त्यांच्या जाण्याने काय गेले ते त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही.